जुनं एमएस २०० टी घ्यायचं असेल तर आधी सायलेन्सर उघडायला लावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे मुलुंडला राहतात, गुहागरजवळ त्यांची वाडी आहे. वसईच्या एका छाटणीवाल्या कंत्राटदाराकडे स्टिल कंपनीचं एमएस २०० टी हे पेट्रोलवरचं चेनसॉ, म्हणजे साखळीची करवत, विकायला आहे, अठरा हजार सांगतोय. मशीन हलकं आहे, हातात छान बसलं, पण कंपनीने ते बनवणं बंद करून बरीच वर्षं झाली. पार्ट मिळतील का, वर्षातून तीन-चारदाच वापरलं तर टिकेल का, आणि सोसायटीतल्या फांद्याही त्यानेच उतरवता येतील का, असे तीन प्रश्न आहेत.

मी तेवीस वर्षं मुंबईत झाडछाटणीचं काम करतो. त्यातली शेवटची बारा वर्षं भांडुपला दुरुस्तीचा गाळाही आहे. माझ्याकडे स्वतःची दोन २०० टी आहेत आणि ती मी विकणार नाही. म्हणजे या मशीनबद्दल माझं मत जरा प्रेमातलं आहे, हे धरूनच पुढचं वाचा.

आधी ते इतकं का शोधलं जातं ते सांगतो. ३५.२ सीसीचं इंजिन, आणि बार (चेन जिच्यावर धावते ती लांब पट्टी), चेन व पेट्रोल सोडून वजन फक्त ३.६ किलो. मूठ इंजिनाच्या डोक्यावर असते, म्हणून झाडावर दोराला लटकून काम करणाऱ्याला ते अंगाजवळ धरता येतं. पण खरी गंमत त्याच्या उचलीत आहे. रेस दिली की मशीन वाट बघत नाही. याच्यासारख्या जुन्या पद्धतीच्या टू-स्ट्रोकमध्ये ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये शिरतानाच जळलेला धूर बाहेर ढकलतं, आणि त्यातलं थोडं न जळता सायलेन्सरमधून निघून जातं. पेट्रोल वाया जातं, धूर होतो, पण रचना साधी आणि हलकी राहते. धुराचे नियम कडक झाल्यावर हे चालेना. मग मध्ये शुद्ध हवेचा थर सोडणारी इंजिनं आली आणि २०१० नंतरच्या दोन-तीन वर्षांत २०० टीची जागा एमएस २०१ टीने घेतली. नवं मशीन पेट्रोल कमी पितं, धूर कमी करतं. तरीही जुने चढणारे २०० टीच मागतात.

आता तुमच्या कामाचं बोलू. तुम्ही झाडावर चढणार आहात का? तुमचं वर्णन वाचून वाटतं की वादळात पडलेली फांदी तुकडे करणं, वाळलेला आंबा-फणस जळणाला फोडणं, कुंपणाची झुडपं मोकळी करणं असं जमिनीवरचं काम आहे. त्याला वरच्या मुठीचं मशीन चुकीचं आहे. त्यात दोन्ही हात जवळजवळ असतात, त्यामुळे बारचं टोक कुठे आपटून मशीन उलटं उसळलं तर मनगटाला ते आवरत नाही. शिवाय हलकं असल्यामुळे माणूस नकळत एका हाताने चालवायला लागतो आणि दुसऱ्या हाताने फांदी धरतो. माझ्या ओळखीच्या तीन माणसांच्या डाव्या हातावर टाके आहेत, तिघंही अनुभवी. काम करताना चेन सेकंदाला पंधरा-वीस मीटर धावत असते. जमिनीवरच्या कामाला मागच्या मुठीचं, तीस-पस्तीस सीसीचं, आज दुकानात मिळणारं मशीन घ्या. तुमच्या घरचा किंवा गावातला कुणी पट्टा-दोर लावून चढणारा असेल आणि त्याच्यासाठी हवं असेल, तरच पुढचं कामाचं. शिडीवर उभं राहून चेनसॉ चालवणं हा प्रकार मात्र कुठल्याच मशीनने करू नका.

तरीही घ्यायचंच म्हणत असाल तर बघायला कसं जायचं ते नीट सांगतो. इथेच पैसे वाचतात किंवा बुडतात.

विकणाऱ्याला आदल्या दिवशी सांगा, मी येईपर्यंत मशीन चालू करू नको. गेल्यावर पहिलं काम, सायलेन्सरला हात लावून बघा. कोमट असेल तर त्याने आधीच तापवून ठेवलंय. गरम मशीन सगळीच चालू होतात, थंड मशीन किती ओढ्यांत उठतं ते बघायचं असतं. चोक ओढून चार-पाच ओढ्यांत एक ठसका यायला हवा, चोक सोडल्यावर एक-दोन ओढ्यांत सुरू व्हायला हवं.

पण सुरू करायच्याही आधी, स्विच बंद ठेवून स्टार्टरची मूठ हातात धरा आणि मशीन हळूच दोरीला लटकू द्या. कॉम्प्रेशन चांगलं असेल तर मशीन टप्प्याटप्प्याने खाली येतं, दर टप्प्याला क्षणभर अडकतं. सरळ घसरत खाली आलं तर पिस्टनच्या रिंगा गेल्या आहेत किंवा सिलिंडर. दाब मोजायचं गेज असेल तर प्लगच्या जागी लावून बघा. दीडशे पीएसआयच्या आसपास असेल तर उत्तम, एकशे दहाच्या खाली गेलेलं मशीन गरम झाल्यावर रडवतं.

मग सायलेन्सर. वरचं कव्हर काढून सायलेन्सर सोडवायला दहा मिनिटं लागतात. आत सिलिंडरचं धूर जाण्याचं तोंड दिसतं आणि त्यातून पिस्टनची कड. दोरी हळूहळू ओढत टॉर्च मारा. पिस्टन करड्या रंगाचा, गुळगुळीत, कंपनीच्या बारीक आडव्या रेघा अजून दिसणारा असेल तर मशीन तोलामोलाचं आहे. उभ्या ओरखड्यांनी भरलेला, मध्येच चकचकीत पट्टे, रिंग खाचेत चिकटलेली दिसली तर ते मशीन कधीतरी तेलाशिवाय किंवा अपुऱ्या पेट्रोलवर चाललंय. हवा आत येते त्या, म्हणजे कार्ब्युरेटरच्या बाजूने ओरखडे असतील तर तो फाटक्या फिल्टरमधून गेलेला भुसा आणि धूळ. दोन्हींचं कारण वेगळं, पण किंमत दोन्हींत निम्म्यावर आणा.

हे ओरखडे कसे येतात ते मी स्वतःच्या मशीनवर पाहिलंय. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ गेल्यावर आम्ही सलग नऊ दिवस पडलेली झाडं उचलत होतो. पाचव्या दिवशी एका पोराने घाईत मोटारसायकलसाठी आणलेल्या कॅनमधलं साधं पेट्रोल टाकीत ओतलं. मी खाली उभा होतो. वरून मशीनचा आवाज एकदम चढला, सुरेख, इतकं छान ते कधीच चाललं नव्हतं, आणि तीन मिनिटांत कर्र करून थांबलं. दोरी ओढली तर हलेना. पिस्टनचं अॅल्युमिनियम वितळून सिलिंडरच्या भिंतीला चिकटलं होतं. लेथवाला म्हणाला, बोअर करून देतो. इथे लक्ष द्या. स्कूटरच्या जुन्या बिडाच्या सिलिंडरला बोअर चालतो, याला नाही. आतून कडक लेप असतो, तो खरवडला की सिलिंडर संपला. मी कापसाच्या काडीवर बाथरूम धुण्याचं अॅसिड घेऊन फक्त चिकटलेल्या पट्ट्यांवर लावलं. फेस आला, म्हणजे तिथे अॅल्युमिनियम आहे. पुसलं, परत लावलं, फेस थांबेपर्यंत. मग पाण्याने स्वच्छ धुऊन, वाळवून, लगेच तेलाचा हात. खालचा लेप शाबूत निघाला. नवा पिस्टन आणि रिंगा टाकल्या, ते मशीन आजही कामावर आहे. हे करताना हातमोजे आणि चष्मा घाला आणि उघड्यावर करा, त्या धुराने घसा धरतो.

पुढे चला. मशीन चालू झालं की स्लोवर, म्हणजे रेस न देता, ठेवून आडवं करा, उलटं करा, नाक खाली करा. आवाज तसाच राहिला पाहिजे. एका बाजूला कललं की आरपीएम आपोआप चढत असेल, किंवा रेस सोडल्यावर खाली यायला वेळ घेत असेल, तर ते कुठून तरी हवा खातंय. बहुतेक वेळा क्रँकच्या दोन टोकांना बसणारे रबरी ऑइल सील गेलेले असतात. हवा खाणारं मशीन म्हणजे वर सांगितलेला ओरखडा उद्याच्या तारखेचा. स्लोवर चेन फिरता कामा नये. चेनब्रेक पुढे ढकलल्यावर पूर्ण रेसमध्येही चेन जागीच थांबली पाहिजे. बारचं टोक पुठ्ठ्यावर हातभर अंतरावर धरून रेस द्या, दहा-पंधरा सेकंदांत पुठ्ठ्यावर तेलाची रेघ उमटली तर ऑइलपंप जिवंत आहे.

रेस देताच मशीन क्षणभर घुटमळतं आणि मग उचल घेतं, असं झालं तर घाबरू नका. या मशीनच्या कार्ब्युरेटरमध्ये अॅक्सिलरेटर पंप असतो, छोटासा पिस्टन आणि रबरी रिंग. वय झालं की तो गळतो. लोक मग स्लोचा स्क्रू उघडत बसतात आणि मशीन धुरात बुडवतात. पंप दुरुस्त करा किंवा कार्ब्युरेटर बदला. भाव पाडायला मात्र हा मुद्दा चांगला आहे.

खरं की नक्कल हेही बघा. खऱ्या मशीनचा सिरियल नंबर क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्याच्या, धातूत ठोकलेला असतो, नुसता स्टिकर नसतो. मूळ पार्टांवर ११२९ ने सुरू होणारा नंबर सापडतो, ती या मॉडेलची मालिका आहे. याच्या आधीच्या ०२० टी या मॉडेललाही तीच मालिका आहे, म्हणून त्याचे बरेच पार्ट चालतात. २०१ टीची मालिका ११४५, तिचे पार्ट घेऊन कुणी आला तर परत पाठवा. क्रँककेस मॅग्नेशियमचं आहे. वसई-विरार पट्ट्यात खाऱ्या हवेत पडून राहिलेल्या मशीनला बारच्या मागे, ऑइलपंपाच्या आसपास पांढरी पावडर धरते. नखाने खरवडून निघाली तर ठीक, खड्डे पडले असतील तर सोडून द्या. बाकी सगळं बदलता येतं, क्रँककेस बदलणं म्हणजे नवीन मशीन उभारणं.

पार्टांचं म्हणाल तर चेन, बार, प्लग, फिल्टर यांची चिंता नको. बार चौदा इंची असेल तर चेन थ्री-एट लो प्रोफाइल (चेनचा पिच), १.३ मिलिमीटर गेज (बारच्या खाचेत बसणाऱ्या कडीची जाडी), पन्नास ड्राइव्ह लिंक (त्या कड्यांची संख्या). दुकानात हेच तीन आकडे सांगायचे, मॉडेल सांगायची गरजच नाही. ऑइल सील आणि बेअरिंगसाठी आम्ही मुंबईतल्या नागदेवी स्ट्रीटच्या बाजारात जातो. जुना सील सोबत न्या, त्यावर मापं छापलेली असतात, नसतील तर व्हर्नियर. पण पाणीपंपाचा साधा काळा सील घेऊन येऊ नका. हे इंजिन मोकळं असताना चौदा हजार आरपीएमला जातं आणि आत पेट्रोल असतं, तो सील महिनाभरात कडक होतो. पेट्रोलला आणि उष्णतेला टिकणारा मागा, महाग मिळेल. बाहेरच्या कंपन्यांचे सिलिंडर-पिस्टन सेटही मिळतात. घेतलात तर सिलिंडरच्या आतल्या खिडक्यांच्या (मिश्रण आणि धूर जायच्या भोकांच्या) कडांवर बोट फिरवा. कड धारदार लागली तर बसवू नका, रिंग तिथे अडकून तुटते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पेट्रोल. तुम्ही वर्षातून तीन-चारदा वापरणार, म्हणून हे तुम्हालाच जास्त लागू आहे. माझ्या गाळ्यात येणाऱ्या दहा मशीनांतली सहा-सात काम करून बिघडलेली नसतात, पडून राहून बिघडलेली असतात. २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं आणि आता पंपावर जवळपास तेच मिळतं. चेनसॉच्या पुस्तिका बहुधा १० टक्क्यांपर्यंतच परवानगी देतात, आणि २०० टी तर हे २० टक्क्यांचं पेट्रोल येण्याच्या आधीच्या काळातलं. विश्वास बसत नसेल तर घरी करून बघा. औषधाच्या मापाच्या उभ्या नळीत दहा मिलिलीटर पाणी घ्या, वर नव्वद मिलिलीटर पेट्रोल, बूच लावून हलवा आणि ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं. खालचा थर दहावरून पंचविशीच्या आसपास गेलेला दिसेल. मुंबईच्या जुलैच्या हवेत हेच तुमच्या टाकीत आपोआप होतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, मर्यादेपलीकडे गेलं की पाणी आणि इथेनॉल खाली बसतं. फिल्टरही टाकीच्या तळाशीच असतो. पहिल्या ओढीला इंजिनाला मिळतं ते पाणी, आणि त्यात ऑइल नसतं.

दुसरा भाग कमी लोकांना माहीत असतो. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून तेवढ्याच हवेला पेट्रोल थोडं जास्त लागतं. दहा वर्षांपूर्वी बरोबर लावलेला कार्ब्युरेटर आज गरीब मिश्रण (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) देतो आणि इंजिन तापतं. मोठ्या रेसचा स्क्रू किंचित उघडा. कानाने ओळखायचं. हवेत पूर्ण रेस दिली की आवाज थोडा फडफडता हवा, लाकडात टेकवल्यावर तो साफ व्हायला हवा. हवेतच तारेसारखा तीक्ष्ण आवाज येत असेल तर थांबा, तोच तौक्तेच्या वेळचा सुरेख आवाज आहे.

पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइल चांगल्या दर्जाचं टू-टी (टू-स्ट्रोकचं), लिटरला २० मिलिलीटर म्हणजे पन्नासास एक. पंपावरचं साधं स्कूटरचं टू-टी नाइलाजाने वापरलंत तर लिटरला ४०, धूर सहन करा. काचेच्या नाही, धातूच्या किंवा जाड प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये एकावेळी अर्धा लिटरच बनवा, दोन-तीन आठवड्यांत उरलं तर मशीनला घालू नका. वाडीवरून निघायच्या आधी टाकी रिकामी करा, मशीन चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, चोक ओढून आणखी एकदा. प्लग काढून चमचाभर टू-टी आत सोडा, दोरी हळू ओढून जिथे जड लागेल तिथे थांबवा, प्लग लावा. एवढं केलं की चार महिने निश्चिंत. पेट्रोलची नळी, इम्पल्स नळी (इंजिनाच्या दाबाचे ठोके कार्ब्युरेटरला पोचवणारी) आणि कार्ब्युरेटरचे पातळ पडदे मात्र घेतल्या दिवशीच नवे टाका, जुने कितीही चांगले दिसोत. आणि गुहागरला जाताना मशीन ट्रेनने नेणार असाल तर टाकी आणि कॅन कोरडे हवेत. रेल्वेत पेट्रोल नेणं गुन्हा आहे. चेनला लागणाऱ्या ऑइलची टाकीही रिकामी करा, नाहीतर फ्लॅटच्या लादीवर चिकट तळं होतं आणि मग मशीन घरात राहतं की तुम्ही, हा प्रश्न उभा राहतो.

बारच्या ऑइलसाठी गॅरेजमधलं काळं, वापरलेलं ऑइल टाकायची आपल्याकडे वाईट सवय आहे. त्यात धातूचा चुरा असतो, पंप आणि बार दोन्ही घासतात, आणि ते सगळं वाडीत उडतं. चेन ऑइल नाही मिळालं तर निदान नवं इंजिन ऑइल घ्या.

धार लावायला ४ मिलिमीटरची गोल कानस, ३० अंश, प्रत्येक दाताला सारखेच दोन-तीन हात, नेहमी आतून बाहेर. लाकडाचे जाड कपचे येत असतील तर धार आहे, पीठ पडत असेल तर गेली. नारळाचं खोड कापलंत तर अर्ध्या तासात पीठ पडू लागेल, त्यात तंतू आणि वाळू दोन्ही असतात. झावळ्यांना कोयताच बरा. दोन-तीन वेळा धार लावली की दातापुढच्या छोट्या उंचवट्याची उंची ०.६५ मिलिमीटरच्या गेजने तपासा. दोन चेन झिजल्या की स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाक, बदला.

सोसायटीबद्दल थोडक्यात, नको. मुंबईत १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली फांद्या छाटायलाही पालिकेच्या उद्यान खात्याची परवानगी लागते. सोसायटीच्या लेटरहेडवर वॉर्ड ऑफिसात अर्ज करा, पावसाळ्याच्या खूप आधी. तारेजवळची फांदी असेल तर वीज बंद करवूनच. गुल्मोहर आणि सोनमोहराच्या फांद्या वरून धडधाकट दिसतात आणि आतून पोकळ निघतात, तिथे हौशी माणसाने जाऊ नये. गावाकडेही झाडतोडीवरच्या १९६४ च्या कायद्यात आंबा, फणस, जांभूळ, चिंच, ऐन, किंजळ अशी सोळा झाडं आहेत, ती तोडायला परवानगी लागते. वाडी स्वतःची असली तरी.

भावाचं म्हणाल तर अठरा हजार हा पिस्टन स्वच्छ, क्रँककेस शाबूत आणि हवा न खाणाऱ्या मशीनचा भाव आहे. त्यातही नळ्या, पडदे, चेन आणि फिल्टरचे दोन-तीन हजार वेगळे धरा. सील गेले असतील तर बाराच्या वर जाऊ नका. पिस्टन ओरखडलेला असेल तर आठ, तेही सिलिंडरचा लेप वाचलाय असं वाटलं तर. बघायला जाताना टॉर्च, प्लगचा १९ चा पाना आणि टी-२७ चा टॉर्क्स (चांदणीच्या टोकाचा पाना) सोबत ठेवा, स्टिलचे बहुतेक स्क्रू त्यानेच उघडतात. वसईवाला सायलेन्सर उघडू देत नसेल तर चहा प्या आणि पुढची लोकल पकडून घरी या.